हजेरीचा डबा

बाई, तुमच्या शोकसभेत टाळ्या वाजल्या. एकदा नाही, तीनदा. पहिल्यांदा सोसायटीच्या अध्यक्षांनी तुमच्या फोटोला हार घातला तेव्हा. हार इम्रानला आवडला नसणार, पण तुमचा मुलगा तुमच्यासारखा फटकळ नाही. दुसऱ्यांदा माझं भाषण संपलं तेव्हा. आणि तिसऱ्यांदा मुलांनी तुमचा सागरगोट्यांचा खेळ स्पीकरवर गाणं लावून, एकसारखे पिवळे टी-शर्ट घालून करून दाखवला तेव्हा. तुम्ही तिथे असतात तर मागच्या खुर्चीवरून, आवाज जराही न चढवता विचारलं असतंत, "अहो, माणूस गेलंय की गॅदरिंग चाललंय?"

मी बारा मिनिटं बोलले. खेळातून शिक्षण, संगीतातून शिक्षण, शमीमबाईंचं अमुक, शमीमबाईंचं तमुक. मागे फ्लेक्स होता, त्यावर तुम्ही हसताय. तो फोटो शोधायला दोन दिवस गेले, कारण तुम्ही फोटोत हसायचाच नाहीत. भाषणात मी रडले नाही. आवाज दोनदा कापरा केला, तेवढा मला जमतो. आणि जी एक गोष्ट सांगायला हवी होती ती सोडून बाकी सगळं सांगितलं.

ती आज लिहायला बसले आहे. तुम्हाला जाऊन एकोणीस दिवस झाले. तुम्ही आता उलट बोलणार नाही, हे माझ्या सोयीचं आहे, हेही कबूल करून टाकते.

चौदा वर्षं मी तुमच्या बालवाडीत होते. आधी मदतनीस, मग शिक्षिका, आणि गेल्या जूनमध्ये तुम्ही पडलात तेव्हापासून मालकीण असल्यासारखी. पहिल्या दिवशी मी धायरीच्या त्या गिरणीवरच्या दोन खोल्यांत आले तेव्हा तुम्ही जिन्याच्या तोंडाशी स्टुलावर डोळे मिटून बसला होतात. मला वाटलं, बाईंना बरं वाटत नाहीये. मी विचारलं तर तुम्ही तोंडावर बोट ठेवलंत. खालून एक मूल जिना चढत होतं. ते वर येईपर्यंत तुम्ही डोळे उघडले नाहीत, आणि ते आल्यावर मला म्हणालात, "ऐकलंस? हा मधली पायरी गाळतो." गिरणीच्या घरघरीत पावलं ऐकू येत नाहीत म्हणून तुम्ही गिरणीवाल्याला दहा वाजेपर्यंत दळण थांबवायला लावलं होतंत. आख्ख्या गल्लीच्या पोळ्या तुमच्यापायी उशिरा व्हायच्या.

तुमची हजेरी नावानं नव्हती. प्रत्येक मुलाचा एक ठेका. तो तुम्ही त्याच्या चालण्यातून काढायचात, कधी दोन दिवसांत, कधी दोन आठवड्यांत. सकाळी सगळी गोल बसली की तुम्ही तो पत्र्याचा जुना डबा पालथा घालायचात आणि त्यावर एकेकाचा ठेका वाजवायचात. ज्याचा असेल त्यानं तो टाळीनं परत वाजवायचा. तीन वर्षांचं पोर, ज्याला आपलं आडनाव धड सांगता येत नाही, ते वीस ठेक्यांतून आपला बरोबर ओळखायचं, आणि आठवडाभरात इतरांचेही. जो आला नसेल त्याचा ठेका वाजवून झाला की दोन श्वास सगळ्यांनी गप्प राहायचं, मग पुढचा. शेवटी एखादं मूल डब्यावर तुमचा ठेका वाजवायचं, चार सरळ आणि पाचवा हलका, कारण तुमचा डावा गुडघा पाचव्या पावलाला दगा द्यायचा. तुम्ही तो टाळीनं परत द्यायचात आणि डबा सुलटा करायचात. डबा सुलटा झाला की हजेरी संपली, आता दंगा.

नियम एकच होता. दुसऱ्याची टाळी आपण वाजवायची नाही. शेजारचं पोर झोपलेलं असो, रुसलेलं असो, नाकात बोट घालून बसलेलं असो. भावाची बहिणीनं नाही, बाईंची मुलांनी नाही. तुम्ही एरवी मुलांवर कधी ओरडायचा नाहीत, पण त्या दोघा जुळ्यांपैकी एकानं दुसऱ्याची टाळी वाजवली तेव्हा तुम्ही हजेरी पहिल्यापासून परत घेतलीत. तीनदा. मी वैतागून म्हटलं, "बाई, खेळच आहे ना?" तुम्ही म्हणालात, "म्हणूनच." बस, एवढंच. तुमच्याकडून कुठल्या गोष्टीचं दोन वाक्यांत उत्तर मिळालं असतं तर मी पेढे वाटले असते.

मला ठेका नव्हता. पहिलं अख्खं वर्ष नव्हता. वीस पोरांचे ठेके वाजायचे, त्यात आदल्या दिवशी आलेल्या पोराचाही, आणि मी पाण्याच्या पिंपाशेजारी उभी. एकदा धीर करून विचारलं. तुम्ही म्हणालात, "तुझं चालणं अजून ठरत नाहीये, सुजाता." तेव्हा मी घरी जाऊन तुम्हाला मनसोक्त शिव्या दिल्या होत्या. दुसऱ्या वर्षी श्रावणात एका सकाळी मी नेहमीसारखी उशिरा, चपला फटफटवत, धापा टाकत वर आले, आणि मुलं संपल्यावर तुम्ही डब्यावर वाजवलंत, ठक-ठक-ठक, ठक. आणि माझ्याकडे पाहिलंत. बाई, माझ्या लग्नात माझ्याकडे कुणी तसं पाहिलं नव्हतं. मी टाळी वाजवली आणि बादली भरायच्या निमित्तानं मोरीत जाऊन रडले. हे मी तुम्हाला कधी सांगितलं नाही.

आता भांडण. ते अर्धवट राहिलंय आणि माझ्या बाजूनं अजून बरंच बोलायचं आहे.

तुम्ही पोरांना सागरगोट्यांवर बेरीज शिकवलीत, दोरीच्या उड्यांवर पाढे, चिंचोक्यांच्या रांगांवर अक्षरं. जिना चढता चढता गाणी जुळवलीत, ज्यांना ना चाल धड ना शेवट, आणि पोरं ती घरी नेऊन आजोबांना शिकवायची. सगळं खरं. आणि माझी सानिका? तीही तुमच्याच हाताखालची. पहिलीत गेली तेव्हा वर्गातल्या सगळ्यांना ओळीत लिहिता येत होतं आणि हिला वर्गातला पंखा कुठल्या तालात फिरतो ते सांगता येत होतं. त्यांच्या मॅडमनी तिला उभं करून विचारलं, "तुझ्या बालवाडीत फक्त नाचायला शिकवत होते का?" ती तीन महिने रडत घरी आली. मी तुमच्याकडे आले तेव्हा तुम्ही चिंचोके निवडत होतात. म्हणालात, "रडू दे. लिहायला काय, कुणीही शिकवेल."

तिची आई समोर उभी होती, बाई. 'रडू दे' म्हणताना निदान वर तरी बघायचंत. सानिका लिहायला शिकली, आज ती कॉलेजात तबला वाजवते, तुमचंच खरं झालं, आणि तरीही त्या एका वाक्यासाठी मी तुम्हाला माफ केलेलं नाही. तुम्ही मेलात म्हणून करीन असंही नाही.

मुलं कमी होत गेली. सत्तावीसची एकोणीस झाली, एकोणीसची अकरा. समोर नवे टॉवर झाले, त्यांत नव्या शाळा आल्या, दारात हत्तीचे कपडे घातलेला माणूस उभा करणाऱ्या. पालक आपल्याकडे यायचे, डबा बघायचे आणि विचारायचे, "करिक्युलम काय आहे?" आदित्यचे बाबा तर लॅपटॉपची बॅग खांद्यावर घेऊनच यायचे, खराडीला जाता जाता. त्यांनी विचारलं, "चार वर्षांचा झाला, अजून ए टू झेड येत नाही, पुढे कसं होणार?" तुम्ही त्यांना नखशिखांत न्याहाळलंत. "अहो, त्याला नोकरीला लागायला अजून अवकाश आहे. तोवर खेळू द्या." मी आत जाऊन हसले, पण रात्रभर मनात धरलं की हा माणूसही मुलगा काढून नेणार. तुम्हाला फटकारायला मिळालं की तुमचा दिवस चांगला जायचा, आणि दुसऱ्या दिवशी फोन करून त्या माणसाची समजूत मी काढायची.

मग जूनमध्ये, उघडायला एक आठवडा असताना, तुम्हाला पॅरालिसिसचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. डॉक्टर म्हणाले, त्यांना कळतंय सगळं, फक्त बोलता येणार नाही. ज्या बाईनं जन्मभर एका वाक्यात माणसं गार केली तिच्याकडे ते एक वाक्यही उरलं नाही. खरं सांगू? पहिले दोन दिवस मी रडले, आणि तिसऱ्या दिवशी मला सुटल्यासारखं वाटलं.

मी टेबलं आणली. वर्कशीट आणली. चांगल्या अक्षराला सोनेरी स्टार, त्याहून चांगल्याला मोठा स्टार. खेळाला बक्षीस ठेवलं तर पोरं खेळणं सोडून बक्षीसच खेळतात, असं तुम्ही म्हणायचात. आणि खरंच, आठवड्यात पोरं एकमेकांचे स्टार खरवडून काढायला लागली. हजेरी मोबाईलवर घ्यायला लागले. डबा कपाटाखाली गेला. पालक खूश झाले. अकराची तेवीस झाली, बाई, दिवाळीच्या आत. तुम्ही मला जन्मभर जे करू दिलं नाहीत ते मी पाच महिन्यांत करून दाखवलं.

आता कोमल.

कोमल तुम्हाला आठवायला लावायची गरज नाही, पण मला सगळं ओळीनं लिहायचंय. आदल्या वर्षी ती आली तेव्हा चार वर्षांची होती. खाली कोपऱ्यावर तिची आई इस्त्रीचं टेबल लावते. मुलगी बोलत नव्हती. कान तपासले होते, ठणठणीत. बोलत नव्हती, रडतही नव्हती. तिचा ठेका काढायला तुम्हाला अकरा दिवस लागले, कारण ती एक पायरी चढायची, थांबायची, मागे वळून बघायची आणि मग दोन पायऱ्या घाईनं चढायची. ठक. थांबणं. ठक-ठक. तीन आठवडे तुम्ही तो वाजवत राहिलात आणि ती बसलेली असूनही आपण तिच्या नावचे दोन श्वास गप्प राहत होतो. मी म्हणाले, "बाई, सोडा आता." बाविसाव्या दिवशी तिनं हात वर आणले आणि वाजवलं. बरोब्बर, मधल्या थांबण्यासकट. तुम्ही शाबास म्हणाला नाहीत, तो शब्द तुमच्या तोंडी नव्हताच. तुम्ही डबा तिच्या मांडीवर ठेवलात आणि म्हणालात, "माझा वाजव." तिनं वाजवला, चार सरळ, पाचवा हलका. त्या दिवसापासून तुमचा ठेका रोज तीच वाजवायची. इतर पोरांनीही कधी तक्रार केली नाही.

तक्रार पालकांची आली, तुम्ही पडल्यावर. आदित्यचे बाबा म्हणाले, "मॅडम, नो ऑफेन्स, पण पीअर ग्रुप मॅटर्स. आदित्य घरी येऊन नुसता टेबल ठोकत बसतो, विचारलं तर उत्तर देत नाही. म्हणतो, कोमल अशीच बोलते." दोन आया त्यांच्यामागे उभ्या होत्या. आमचंही मुकं होईल, असं त्यांतली एक म्हणालीसुद्धा.

तेव्हा त्यांना हाकलायला हवं होतं. तुम्ही हाकललं असतंत. मी म्हटलं, "मी बघते." आणि मी इंटरव्ह्यू ठेवला. सगळ्या मुलांचा, म्हणजे कुणाला वाटायला नको की एकीसाठी आहे. पाच प्रश्न. तुझं नाव काय, हा रंग कोणता, असे. सगळे तोंडी. प्रश्न मीच काढले होते, बाई. सगळे तोंडी काढायला मला पाच मिनिटंसुद्धा लागली नाहीत.

कोमल आईबरोबर समोर बसली. मी विचारलं, "तुझं नाव काय?" तिनं माझ्याकडे पाहिलं आणि टाळी वाजवली. तिचा ठेका. मी परत विचारलं. तिनं परत वाजवली, या वेळी जरा मोठ्यानं, मला ऐकू गेलं नसेल असं समजून.

"वाजीवती की ती," तिची आई म्हणाली. "म्हाताऱ्या बाईंनी शिकवलंय तिला. त्येच नाव हाय तिचं."

मी म्हटलं, "टाळीला मार्क नसतात."

हे वाक्य मी बोलले. तुमच्या खोलीत, तुमच्या स्टुलावर बसून. तुमच्यासारखंच बोलले, एका वाक्यात, आवाज न चढवता, आणि तेव्हा मला ते जमलं म्हणून आतून बरंही वाटलं. तिच्या आईला मार्क म्हणजे काय ते कळलं, बाकी काही विचारायचं तिनं सोडून दिलं. "पुढच्या वर्षी बघू," मी म्हटलं. ती उठली. कोमल वाकली, कपाटाखालून डबा ओढून काढला, पोटाशी धरला आणि जिना उतरायला लागली. मी अडवलं नाही. मनात म्हटलं, जाऊ दे, तेवढंच भंगार कमी.

एक दिवसाआड मी वारज्याला तुमच्याकडे यायचे. तुमची सून रुक्साना चहा ठेवायची, मी तुमच्या पलंगाशी बसायचे आणि सगळं छान चाललंय असं सांगायचे. ऑगस्टात तुमची डाव्या हाताची बोटं पलंगाच्या कठड्यावर चालायला लागली. रुक्साना धावत यायची, "अम्मी, पानी चाहिए क्या? बाजू बदलू का?" पाणी दिलं की तुम्ही मान फिरवायचात. बिचारीनं डॉक्टरांनाही विचारलं. ते म्हणाले, असे चाळे होतात, लक्ष देऊ नका.

मला पहिल्या मिनिटाला कळलं होतं. तुम्ही हजेरी घेत होतात. आदल्या वर्षीची, अकरा मुलांची, त्याच क्रमानं. आणि मी रुक्सानाला म्हणाले, "हो गं, चाळाच दिसतोय." दोन महिने म्हणत राहिले. ते तुम्ही ऐकत होतात. तुम्हाला कळतंय सगळं, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं, ते मला माहीत होतं. एक शब्द सांगितला असता तर तुमच्या सुनेला तुमच्याशी बोलता आलं असतं. पण मग ती विचारणार, कोण कोण येतं आता? आणि हा मधे थांबणारा ठेका कुणाचा?

शेवटी मलाच सहन होईना. ऑक्टोबरात एका दुपारी रुक्साना दुकानात गेली होती. तुम्ही पहिला ठेका वाजवलात आणि मी म्हटलं, "आला, बाई." तुमची बोटं थांबली. तुम्ही माझ्याकडे असं पाहिलंत की मला उठून पळावंसं वाटलं. मग दुसरा. "आली, बाई." तिसरा. "आला." अकरातली सहा मुलं एव्हाना मोठ्या शाळेत गेली होती, पण ते खोटं चालण्यासारखं होतं, ती कुठे ना कुठे हजर होतीच. तुमच्या तोंडाची डावी बाजू हलत होती. तुम्ही हसत होतात, बाई. त्या फ्लेक्ससाठी मी दोन दिवस शोधत होते तसं.

मग ठक. थांबणं. ठक-ठक.

"आली, बाई."

तुम्ही पुढे गेला नाहीत. परत तोच वाजवलात. मी म्हटलं, "आली ना. रोज येते. छान आहे." माझा आवाज जरा भराभर निघाला असेल. तुम्ही तिसऱ्यांदा वाजवलात, आणि माझ्याकडे बघत राहिलात, आणि हात तसाच कठड्यावर. मला दुसरं काही सुचलं नाही. मी हात वर केले आणि कोमलची टाळी वाजवली.

चौदा वर्षांत मी तो नियम कधी मोडला नव्हता. आणि मी ती चुकीची वाजवली. मधलं थांबणं माझ्याकडून राहून गेलं.

तुम्ही हात उचललात आणि चादरीखाली घेतलात. रुक्साना आली, तिनं विचारलं, काय झालं? मी म्हटलं, थकल्यात.

दोन दिवसांनी आले तेव्हा तुम्ही जाग्या होतात. मी बसले तशी तुम्ही हजेरी सुरू केलीत. मी 'आला' म्हणायला तोंड उघडलं, तुम्ही डोळ्यांनीच गप्प केलंत. सगळे ठेके वाजवलेत, प्रत्येकानंतर तितकाच वेळ. कोमलचा वाजवलात आणि थांबलात. पूर्ण दोन श्वास. मी मोजले. त्यानंतर उरलेली तीन मुलं. आणि मग माझा ठेका यायचा. बारा वर्षं तो तिथेच यायचा, मुलांनंतर, तुमच्या आधी. मी हात मांडीवर तयार ठेवले होते. खरंच ठेवले होते, मूर्खासारखे.

तुम्ही माझा वाजवला नाहीत. हात चादरीखाली घेतलात आणि डोळे मिटलेत.

रुक्साना म्हणते, दमल्या असतील. रुक्साना चांगली मुलगी आहे, तिला तुम्ही फारशा कळला नाहीत. त्यानंतर तुम्ही नऊ दिवस होतात. मी रोज आले. बोटं हलली नाहीत. गैरहजर मुलाचासुद्धा ठेका वाजवायचात ना तुम्ही? मधे पळून गेलेल्या, शाळा बदललेल्या, गावी गेलेल्या पोरांचेही महिनाभर वाजवायचात. माझा मात्र गाळलात. इतकी शिक्षा तुम्ही कुठल्या मुलाला दिली नाहीत. मला दिलीत, ती बरोबर दिलीत, आणि तरीही मला तुमचा राग येतो. नऊ दिवस हातात होते, बाई. एकदा वाजवला असतात तर काय झालं असतं?

तुम्हाला नेलं तेव्हा पुरुषमाणसं गेली. आम्ही बायका आत बसलो होतो. जिना उतरताना त्यांची पावलं मी ऐकत होते. कुणाचीच एका तालात पडत नव्हती.

शोकसभेनंतर तीन दिवस मी बालवाडी बंद ठेवली. काल सकाळी खाली कोपऱ्यावर गेले. कोमलची आई साडीवर पाणी शिंपडत होती. तिनं मला पाहिलं आणि इस्त्री फिरवत राहिली. टेबलाखाली, कपड्यांच्या गाठोड्यांमधे कोमल बसलेली. मी म्हटलं, "कोमलला परत पाठवा. उद्यापासून. इंटरव्ह्यू वगैरे काही नाही."

"पाठवते की," ती म्हणाली. "पर म्हाताऱ्या बाई आल्या का बऱ्या हून?"

तिला कुणी सांगितलं नव्हतं. फ्लेक्स आम्ही सोसायटीच्या आत लावला होता, सभेचा मेसेज पालकांच्या ग्रुपवर टाकला होता. त्या ग्रुपमधून तिचा नंबर मीच काढला होता. मी खाली वाकले आणि कोमलसमोर टाळी वाजवली. ठक. थांबले. ठक-ठक. या वेळी बरोबर वाजली.

कोमलनं टाळी परत दिली नाही. माझ्या हातांकडे पाहिलं. मग गाठोड्यामागून डबा ओढला, त्यातले कपड्यांचे चिमटे फरशीवर ओतले आणि डबा पालथा घातला. वाजवला. चार सरळ, पाचवा हलका.

आणि ती माझ्या मागे गल्लीकडे बघायला लागली. तिच्या आईनंही इस्त्री उभी करून तिकडे पाहिलं. गल्लीत कुणी नव्हतं.

तिनं परत वाजवला. चार सरळ, पाचवा हलका, तुमच्या गुडघ्यासकट. मला तो येतो, बाई. चौदा वर्षं रोज ऐकलाय. टाळी वाजवली असती तर पोरगी हसली असती, कदाचित माझ्याबरोबर तशीच जिना चढून वर आली असती. तिनं तिसऱ्यांदा वाजवला आणि माझे हात अर्धे वर आले होते.

मी ते खाली घेतले.

कोमलनं गल्लीच्या तोंडापर्यंत नजर नेऊन आणली. दोन श्वास थांबली. मग तिनं डबा सुलटा केला आणि एकेक चिमटा उचलून त्यात टाकायला लागली.